हौसाबाईत पाणी

साळपेठेत माणूस वारला की तो त्याच्या उशाशी ठेवलेल्या पाण्यात उतरतो, आणि तो तिथंच आहे ना, हे वर्षातून एकदा नगरपालिकेला दाखवावं लागतं. बाकीच्या गावांत काय पद्धत आहे, आपल्याला ठाऊक नाही. असेल काहीतरी. साळपेठेत मात्र ते पाणी गाळून काचेच्या बरणीत भरतात, बरणीवर नाव चिकटवतात आणि देव्हाऱ्याशेजारी, ऊन लागणार नाही अशा जागी ठेवतात. ऊन लागलं की माणूस विटतो. बरणी खिडकीत ठेवली म्हणून सुनांनी बोलणी खाल्लेली घरं गावात पुष्कळ आहेत.

बरणीकडे नुसतं बघितलं तर पाणीच दिसतं. आत माणूस आहे की नाही ते कळायला जांभळा दिवा लागतो, आणि तो फक्त पालिकेच्या झाक खात्याकडे आहे. दिव्याचा उजेड बरणीत सोडला की आतला माणूस तो घेतो आणि आपल्या रंगाचा उजेड परत देतो. घेतल्यापेक्षा थोडा उतरता देतो, एवढं ध्यानात ठेवायचं. जांभळा घेऊन कुणी निळा देईल, कुणी हिरवा, कुणी तांबूस. पण घेतल्याहून चढा उजेड कुणी दिल्याचं खात्याला माहीत नाही. मधला फरक मयत व्यक्ती स्वतःकडे ठेवून घेते. ती त्याचं काय करते, असा प्रश्न एकदा पालिकेच्या सभेत निघाला होता. खात्यानं उत्तर दिलं की तेवढी ऊब त्यांना लागत असावी, आणि सभेनं ते टाळ्या न वाजवता मान्य केलं.

रंग ज्याचा त्याचा असतो. आवळेकर मामींना जांभळा दिवा दाखवा नाहीतर निळा दाखवा, त्या आपल्या हळदी रंगातच उत्तर देणार. जित्यापणीही त्यांचं असंच होतं, कुठूनही विचारा, उत्तर एकच. हे उत्तर झटक्यात येतं आणि दिवा मालवला की झटक्यात जातं. याला अपवाद देशिंगे मास्तरांचा. दिवा मालवल्यावरही मास्तर बराच वेळ हिरवट उजळत राहतात, आणि त्यांचं संपेपर्यंत पुढची बरणी घेता येत नाही. शाळेतही ते घंटा झाल्यावर शिकवतच राहायचे, त्यामुळे कुणाला नवल वाटत नाही. लोक तोवर तंबाखू मळतात.

ज्याच्या बरणीत काहीच उजळत नाही, त्याला खातं गैरहजर म्हणतं. गैरहजराचं नाव दारावरच्या पाटीवरून उतरवतात आणि पाणी पालिकेमागच्या मोरीत ओततात. यात निर्दयपणा काही नाही. नुसतं पाणी किती वर्षं सांभाळायचं.

तर गोष्ट तातोबा मिठाऱ्यांची. पेठेच्या तोंडाशी त्यांचं खव्याचं दुकान. दुकानावर रंगवलेलं आहे : ‘येथे दुधात पाणी घातले जात नाही.’ हे वाक्य त्यांच्या आज्यानं लिहवून घेतलं आणि तीन पिढ्या पाळलं गेलं. तातोबांचा साधा हिशेब होता, जगात जे काही चांगलं आहे ते आटवलं की आणखी चांगलं होतं. दूध आटवा, खवा होतो. रस आटवा, काकवी होते. बोलणंसुद्धा आटवूनच बोलायचं. बायकोवर त्यांचा फार जीव होता, पण ते त्यांनी इतकं आटवलं होतं की शेवटी शब्द म्हणून काही उरलंच नव्हतं.

बायको हौसाबाई. दोन खोल्यांच्या घरात निम्मी जागा कढयांनी खाल्लेली, उरलेल्या जागेत शेणकुटं आणि दुधाच्या घागरी. हौसाबाई अंग चोरून वावरायच्या. ‘जरा हातपाय पसरायला जागा ठेवा की माणसाला,’ एवढंच त्या म्हणायच्या, आणि तातोबा म्हणायचे, ‘ठेवू की.’ ते ठेवायचंच राहिलं. एका माघात हौसाबाई तापानं गेल्या आणि उशाच्या गडव्यात उतरल्या.

पहिल्या तपासणीला सगळी मिठारे मंडळी गेली होती. पालिकेच्या सभागृहाला काळे पडदे लावलेले, मधे टेबल, टेबलावर खात्याचं चौकोनी काचेचं भांडं, एका अंगाला दिवा. नातेवाइकांसाठी टेबलाच्या बाजूला बाक. सगळे बाकावर बसले. तातोबा मात्र सरळ जाऊन दिव्याच्या समोर, भांड्याच्या पलीकडे उभे राहिले. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरा समोर उभा होता, बाजूला नव्हता. दिवा लागला. बाकावरून ‘अगं बाई’, ‘आली, आली’ असे आवाज उठले, लेक मालन रडायला लागली, निरीक्षक बाईंनी ‘हजर’ म्हणून सांगितलं. तातोबांना दिसला तो डोळ्यात खुपणारा जांभळा दिवा. बाकी काही नाही. त्यांनी मान हलवली, डोळे पुसल्यासारखं केलं आणि बरणी घेऊन घरी आले.

ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. सांगणार तरी काय, की साऱ्या गावाला बायको दिसली आणि मला दिसली नाही. कितीतरी दिवस त्यांना घास गोड लागला नाही. आपल्यालाच का दिसू नये, याचा विचार करकरून त्यांनी शेवटी आपल्या धंद्याच्या अकलेप्रमाणे निदान केलं. हौसा पातळ आहे. आटवली पाहिजे.

मालन सासरी गेली की ते सगळ्यांत लहान पितळी कढई काढायचे, घासूनपुसून लख्ख करायचे आणि मंद आचेवर बरणीतलं पाणी चढवायचे. उलथनं सारखं फिरतं ठेवायचं, बुडाला लागू द्यायचं नाही. वाफ जाते ती पाण्याची, जीव खाली राहतो, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. वर्षभर त्यांनी हे केलं. बरणीची अर्धी बरणी झाली, अर्ध्याचा पेला झाला, आणि माघ आला तेव्हा हौसाबाई अत्तराच्या मोठ्या बाटलीत मावत होत्या. बाटली कंदिलापुढं धरली तर पाण्याला मधासारखा रंग आलेला. तातोबांना अभिमान वाटला. असा घट्ट माणूस पेठेत दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हता.

तपासणीच्या दिवशी दुपारी शिपायानं पुकारा केला, ‘‘हौसाबाई तातोबा मिठारे.’’

तातोबांनी पिशवीतून बाटली काढली. झाक निरीक्षक हेरवाडकर बाईंनी चष्म्यावरून बाटलीकडे आणि मग तातोबांकडे बघितलं, पण काही विचारलं नाही. त्या शिस्तीच्या बाई. आधी तपासणी, मग प्रश्न. बाटलीतलं पाणी त्यांनी चौकोनी भांड्यात ओतलं आणि दिवा लावायला सांगितलं. तातोबा याही वेळी समोरच उभे होते.

दिवा लागला आणि भांडं काळंच राहिलं.

बाकावरून या वेळी कसलाच आवाज आला नाही. मालन अर्धवट उठली आणि हळूच म्हणाली, ‘‘आई?’’ दिवा भणभणत होता. शिपाई भिंतीकडे बघायला लागला, कारण अशा वेळी घरच्यांकडे बघू नये अशी खात्यात रीत आहे.

‘‘गैरहजर,’’ हेरवाडकर बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

तातोबांनी टेबलाची कड धरली. वर्षभर आपण विस्तवावर जे ठेवत होतो ते बायको होती आणि ती वाफ होऊन कौलातून निघून गेली, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं.

पण नाव उतरवण्याआधी भांडं जवळून बघायचं असा नियम आहे, आणि हेरवाडकर बाई नियम कधी चुकवत नसत. त्या बाजूनं वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या. मग त्यांनी नखानं भांड्याच्या दिव्याकडच्या काचेवर एक रेघ दाखवली. त्या काचेला आतून चिकटून, दोऱ्याएवढा बारीक, हिरवा उजेड होता. त्याच्या मागं सगळा अंधार.

‘‘दिवा मालवा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मिठारे, हे पाणी तुम्ही आटवलंय?’’

‘‘व्हय बाई. चांगलं घट्ट केलंया.’’

‘‘कशासाठी?’’

तातोबांनी एकदाचं सांगून टाकलं, ‘‘गेल्या साली मला ती दिसली न्हाई.’’

‘‘आबा, असं कसं?’’ मालन म्हणाली. ‘‘आम्ही सगळ्यांनी बघितली की. हिरवीगार.’’

‘‘तुमी बघितली गं. मला न्हाई दिसली.’’

हेरवाडकर बाईंनी विचारलं, ‘‘तुम्ही उभे कुठं होता?’’

‘‘हितंच. तिच्या म्होरं. नवरा म्होरंच उभा ऱ्हातो.’’

‘‘समोरून दिवाच दिसतो, मिठारे. आपण सोडलेला उजेड पलीकडून सरळ आपल्याच डोळ्यांत येतो. त्या चारी बाजूंना देत असतात, पण दिव्याच्या झोतापुढं ते कळत नाही. त्यांचं तेवढं बघायचं तर बाजूनं बघावं लागतं. म्हणून तर बाक बाजूला ठेवलाय.’’

‘‘मग तसं सांगायचं हुतं.’’

‘‘बाकावर लिहिलंय.’’

‘‘बाकावर माणसं बसलेली असत्यात,’’ तातोबा म्हणाले. हेरवाडकर बाईंनी बाकाकडे बघितलं आणि ते त्यांना मान्य करावं लागलं.

त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी प्रकार समजावून सांगितला. पाण्याच्या कणाकणात हौसाबाई होत्या, आणि आटवल्यामुळं त्यांची दाटी झाली होती. पुढच्या हौसाबाई दिव्याचा सगळा उजेड स्वतःच घेऊन टाकत होत्या, मागच्यांपर्यंत काही पोचतच नव्हतं. आणि जे थोडं पोचत होतं ते इतक्या जवळजवळ बसल्यामुळं त्या आपसातच एकमेकींना देत-घेत होत्या. बाहेर द्यायला काही उरत नव्हतं. घट्ट केल्यानं माणूस जास्त उजळतो हे थोड्या मर्यादेपर्यंत खरं आहे, पुढं तो मुका होतो.

‘‘म्हंजे ती हाय?’’

‘‘असाव्यात. खात्याला दोरा पुरत नाही. भांडं उजळलं पाहिजे.’’

‘‘मग काय करायचं?’’

‘‘पाणी घाला,’’ हेरवाडकर बाई म्हणाल्या.

मिठाऱ्यांच्या घराण्याला पाणी घाला असं आजवर तोंडावर कुणी म्हणालं नव्हतं. तातोबांचा चेहरा लाल झाला. ‘‘बाई, आमच्या दुकानावर काय लिवलंय ठावं हाय न्हवं? आज्यानं घातलं न्हाई, बानं घातलं न्हाई. दुधात न्हाई घातलं ते मी बायकूत घालू?’’

‘‘तो तुमचा प्रश्न आहे.’’

‘‘आन् पातळ हून हुती तेवढीबी गेली तर?’’

हेरवाडकर बाईंनी चष्मा काढून पुसला. ‘‘ह्या कामात थेंबभर माणूस पुरतो, असा अनुभव आहे. खात्री मी देऊ शकत नाही. आणि एक सांगते. आज दिवा आणखी एकदाच लावता येईल. पुन्हापुन्हा लावला तर त्या विटतील. मग गेल्या त्या गेल्याच.’’

तातोबांनी त्या भांड्याकडे बघितलं. हौसाबाई जित्या असताना एकदा सणाची गर्दी होती, घरात मालाच्या परातीवर परात रचलेली, आणि त्या दाराच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. दिवसभर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्याच हौसाबाई मालनच्या नणंदेच्या लग्नात, उघड्या मांडवात, साऱ्या बायकांना हसवून हसवून बेजार करत होत्या. तातोबांना तेव्हा वाटलं होतं, ही कोण दुसरीच.

‘‘किती घालू?’’

‘‘जेवढं घालाल तेवढ्या मोकळ्या होतील.’’

मालन लगबगीनं म्हणाली, ‘‘आबा, बादली आणते. बादलीभर पुरे.’’

‘‘बादली नगं,’’ तातोबा म्हणाले. ‘‘गडवाभर, बादलीभर पाणी चोर घालत्यात. मिठाऱ्यांनी घालायचं तर साऱ्या गावादेखत घालायचं. बाई, तळ्यात वतली तर चालंल का?’’

हेरवाडकर बाईंनी थोडा विचार केला. ‘‘भांडं किती मोठं असावं हे नियमात दिलेलं नाही. खोल पाण्यात ऊनही पोचत नाही. पण तळ्यातून त्या परत काढता येणार नाहीत. उजळल्या नाहीत तर मोरीत ओतायलाही काही उरणार नाही.’’

‘‘आबा, नको,’’ मालन म्हणाली. तिनं त्यांचा दंड धरला होता. ‘‘ती दोऱ्याएवढी आहे तर तेवढी राहू दे आपल्याजवळ.’’

‘‘तिला जागा ठेवतो म्हणालो हुतो गं,’’ तातोबा म्हणाले. मालननं हात सोडला.

साळपेठेचं तळं गावाच्या उगवतीला आहे. सगळ्या गावाचे नळ त्याच पाण्याचे. भांड्यातलं पाणी पुन्हा बाटलीत भरलं, दिवस कलायला लागला तसा दिवा हातगाडीवर घालून नेला, आणि बातमी पेठभर झाल्यामुळं मागं निम्मं गाव निघालं. हेरवाडकर बाईंनी दिवा घाटावर लावायला सांगितला आणि सगळ्या लोकांना दक्षिणेच्या बांधावर, दिव्याच्या बाजूला उभं केलं. कुणी समोरच्या काठाला जायला लागलं तर त्या नावानं हाक मारून परत बोलवत. सगळे नीट ओळीनं उभे राहिले. दिवस मावळून आकाशात नुसती राख उरेपर्यंत थांबायचं होतं.

तातोबांनी धोतर खोचलं आणि त्याच बांधावरून पाण्यात उतरले. गुडघाभर पाण्यात गेल्यावर त्यांनी बाटलीचं बूच काढलं. आयुष्यात त्यांनी एक थेंब पाणी कशात घातलं नव्हतं, आणि आता सगळं तळं घालायचं होतं. त्यांनी बाटली उलटी केली. मधाच्या रंगाची एक बारीक धार पाण्यात गेली आणि दिसेनाशी झाली. त्यांनी बाटली विसळली, विसळलेलंही तळ्यात ओतलं, कारण भांड्याला लागलेला माल टाकायचा नाही ही घरची सवय. मग हातानं पाणी ढवळत ते उभे राहिले.

‘‘झालं का, मिठारे?’’ बांधावरून बाईंनी विचारलं.

‘‘मुरू द्या जरा,’’ तातोबा म्हणाले.

जरा वेळानं त्यांनी मान हलवली. दिवा लागला.

जांभळा झोत पाण्यात शिरला आणि आधी काहीच झालं नाही, किंवा तातोबांना तसं वाटलं. त्यांनी सवयीनं दिव्याकडे तोंड फिरवलं होतं. ‘‘आबा, बाजूनं,’’ मालन बांधावरून ओरडली, आणि तातोबांनी तोंड वळवलं.

तळं हिरवं झालं होतं. नुसतं वरवर नाही, तळापासून. कोवळ्या हरभऱ्याच्या पाल्याचा जो हिरवा असतो तो हिरवा, पाण्याच्या पोटातून वर येत होता आणि इकडून तिकडं पसरत होता. तळातले दगड दिसत होते, दगडांमधून फिरणारे मासे दिसत होते, पलीकडे पाण्यात बसलेल्या म्हशी काळ्या आणि त्यांच्या भोवती सगळा उजेड. घाटाच्या पायऱ्या खालपर्यंत मोजता आल्या असत्या. बांधावरच्या लोकांच्या तोंडावर तो उजेड पडला होता आणि सगळी माणसं ओळखीची असून अनोळखी दिसत होती. एकानं हात जोडले, मग सगळ्यांनीच जोडले. शिपायानं खात्याची रीत मोडून टक लावून बघितलं. देशिंगे मास्तरांचा मुलगा तोंडाचा आ करून उभा होता. हेरवाडकर बाईंनी कितीतरी वर्षं कितीतरी माणसं उजळताना बघितली होती, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

तातोबांनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांना आपण फार लहान वाटलो. दोन खोल्यांच्या घरात, कढयांच्या मधे, त्यांच्या शेजारी एवढी वर्षं जे माणूस अंग चोरून बसलेलं होतं ते हे होतं. पायाशी पाणी थोडं कोमट लागत होतं. ती आपल्यापुरतं ठेवून घेते ते हेच असणार, हे त्यांच्या ध्यानात आलं.

‘‘एवढी हुतीस व्हय गं तू?’’ तातोबा म्हणाले.

बांधावर हे सगळ्यांना ऐकू गेलं.

‘‘हजर,’’ हेरवाडकर बाईंनी सांगितलं, आणि थोड्या वेळानं, नाइलाजानं, ‘‘आता मालवा. त्यांना दमवायचं नाही.’’ दिवा गेला आणि तळं त्याच क्षणी काळं झालं. लोक अंधारातच एकेक करून घरी गेले. चपला वाजू नयेत म्हणून पुष्कळ जणांनी त्या हातात घेतल्या होत्या.

सकाळी पेठेत नेहमीच्या वेळेला नळ आले. गावानं घागरी भरल्या, चहा ठेवले, पोरांना आंघोळी घातल्या. मालन राहायला थांबली होती. तिनं चूल पेटवली आणि दुधाची कढई चढवली, तर तातोबा मोरीपाशी नळाखाली काचेचा पेला धरून उभे. पेला भरला तसा त्यांनी तो उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि स्वतः दोन पावलं सरकून बाजूनं बघायला लागले.

‘‘काय बघतोस, आबा?’’

‘‘तुजी आई हाय का बघतोय.’’

‘‘आहे?’’

‘‘दिवा कुठं हाय आता,’’ तातोबा म्हणाले. ‘‘पन असंल की.’’

मग ते चुलीपाशी आले आणि हातातला पेला दुधाच्या कढईत रिकामा केला. मालननं वर बघितलं. तातोबांनी उलथनं घेतलं आणि दूध ढवळायला लागले.